नाव नसलेलं माप

बेळगावच्या कॅम्पात, हाय स्ट्रीटच्या मागच्या अंगाला, एक शिवणकाम करणारी बाई राहायची. नवरा मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार होऊन निवृत्त झालेला, म्हणून सगळा शेजार तिला हवालदारीण म्हणायचा. रेजिमेंटचं केंद्र १९२२ पासून बेळगावात आहे. तिथं भरती झालेली पोरं पहिल्या काही महिन्यांत धावून धावून अशी वाळतात की वर्दीची पँट कमरेवर ठरत नाही. मग सुट्टीच्या दिवशी मिलिटरी महादेवाला जाऊन येताना ती हवालदारणीच्या दारात उभी राहायची. ‘मावशी, जरा आत घ्या की.’ बाई टेप लावणार, खडूनं खूण करणार, मापाच्या वहीत पोराचं नाव आणि आकडा लिहिणार, आणि वर विचारणार, ‘घरी फोन केलास का रे?’

दुसऱ्यांच्या कमरा आत घेणाऱ्या या बाईची स्वतःची कंबर एका पावसाळ्यात वाढू लागली. सकाळी चौतीस इंच, रात्री छत्तीस. परकराची नाडी रोज थोडी ढिली बांधावी लागायची. दोन घास पोटात गेले की तुडुंब जेवल्यासारखं वाटायचं. रात्री तीन-चारदा लघवीला उठणं आलं. मशीनवर बसलं की ओटीपोटात जड वाटायचं. दुखतंय म्हणावं इतकं नाही, पण विसरता येईल असंही नाही. पाळी जाऊन चार वर्षं झाली होती. ओवा झाला, बडीशेप झाली, खायचा सोडा झाला. शेजारीण म्हणाली गॅस. दुसरी म्हणाली थायरॉइड बघून घ्या. तिसरीनं मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. आपल्याकडं पोट दुखतंय म्हटलं की गल्लीत निदान करायला कोणी मागं राहत नाही.

हवालदारीण सगळ्यांना ‘होय की’ म्हणायची. तिच्या मनात वेगळंच होतं. निपाणीची तिची आक्का तंबाखूच्या वखारीत कामाला जायची. बारा वर्षांपूर्वी तिचं पोट असंच फुगायला लागलं. सात महिने गॅसच्या गोळ्या झाल्या. मग पोटात पाणी झालंय म्हणाले, ते काढलं, आणि त्या पाण्यात कॅन्सरच्या पेशी सापडल्या. अंडाशयाचा होता. तंबाखूनंच केलं, असं सगळी निपाणी म्हणाली. तसं कुणी तपासून ठरवलं नव्हतं. कळलं तेव्हा आक्का अठ्ठेचाळीस वर्षांची होती, आणि पुढं दीड वर्षात गेली.

त्यामुळं भीतीनं हवालदारणीकडून दोन उलट कामं करून घेतली. रात्री घर झोपलं की टेप काढून बेंबीवरून माप घ्यायला लावलं, आणि दिवसा तोंडाला कुलूप घातलं. माजी सैनिकांच्या घरच्यांना ईसीएचएसच्या दवाखान्यात औषधपाणी मिळतं, तज्ज्ञाकडं चिठ्ठीही मिळते. पण कार्डं हवालदारांच्या पाकिटात. कार्ड मागायचं म्हणजे कारण सांगायचं. म्हणून ती भाजीच्या पैशातून एका खासगी डॉक्टरकडं जाऊन आली. त्यांनी विचारलं, ‘घरात कुणाला काही मोठा आजार?’ ती म्हणाली, ‘काही नाही.’ आक्काचं नाव काढलं असतं तर डॉक्टरांनी तो शब्द उच्चारला असता, आणि तो उच्चारला की खरा होणार, असं तिला वाटत होतं. डॉक्टरांनी पंधरा दिवसांच्या गॅसच्या गोळ्या दिल्या. ज्यांना निम्मंच सांगितलं त्यांनी निम्म्यावरून औषध दिलं. यात त्यांचा दोष किती धरायचा, ते वाचणाऱ्यानं ठरवावं.

दिवाळीच्या तोंडावर आक्काची मुलगी निपाणीहून ब्लाऊज टाकायला आली. एकतीस वर्षांची, तिथल्या एका पतसंस्थेत कारकून. आकड्यांवर नजर पडली की तिची बोटं आपोआप खाली बेरजेच्या ओळीकडं जातात. मावशी चहा टाकायला आत गेली, तेव्हा ती स्वतःचं जुनं माप शोधायला वही चाळत बसली. शेवटच्या पानावर एक गिऱ्हाईक होतं ज्याला नाव नव्हतं. छाती नाही, खांदा नाही, नुसती कंबर. ३६. ३५॥. ३६. ३६।. पानभर. काही तारखांना तर तीन-तीन आकडे, एकाखाली एक, एकाच रात्रीचे.

चहा घेऊन मावशी बाहेर आली. पोरीनं वही मिटली नाही.

‘हे कुणाचं माप गं?’

‘असंच. एक गिऱ्हाईक आहे.’

‘रोज रात्री येतं?’

हवालदारीण काही बोलली नाही. पोरगीही लगेच काही बोलली नाही. तिनं ‘काही नसेल गं’ म्हटलं नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं. तिच्या आईला सात महिने सगळ्यांनी तेच म्हटलं होतं. तिनं पट्टी मागितली, कोऱ्या पानावर पतसंस्थेच्या खातेवहीसारखे रकाने आखले आणि विचारत गेली. पोट फुगणं कधीपासून? महिन्यातले किती दिवस? दोन घासांत पोट भरणं? ओटीपोट? लघवी? पूर्वी कधी असं व्हायचं का, की याच वर्षी सुरू झालं? पान भरलं तेव्हा दिसलं की महिन्यातले वीसेक दिवस त्रास आहे, आणि जूनच्या आधी त्यातलं काहीच नव्हतं.

‘आता काकांना सांग,’ ती म्हणाली. ‘नाहीतर मी सांगते.’

हवालदार ओसरीवर पेपर वाचत होते. सगळं ऐकून त्यांनी पेपरची घडी घातली, चष्मा काढला आणि बराच वेळ काचा पुसल्या. मग म्हणाले, ‘रात्री तू उठतीस ते मला ठाऊक होतं. मी विचारलं नाही. मला वाटलं, तू सांगशील.’ घरोघरी असंच असतं. ती वाट बघते त्यानं विचारायची, हा वाट बघतो तिनं सांगायची, आणि त्यात एक पावसाळा निघून जातो.

मग त्यांनी लडाखातल्या पहाऱ्याची गोष्ट काढली. एरवी ते त्या गोष्टी घरात सांगत नसत. रात्रीच्या पहाऱ्यावर पान हललं की गोळी झाडणारा शिपाई कामाचा नाही, आणि बंदूक उशाला घेऊन झोपणाराही नाही. म्हणून पहारा दोन तासांचा असतो, मग बदली येते. ‘तू पाच महिने एकटीच उभी आहेस,’ ते म्हणाले, ‘माणूस अशानं सावलीवर पण गोळी झाडतंय. आता खाली बस. पुढचं मी बघतो.’ आणि पाकिटातून कार्डं काढली.

चिठ्ठी मिळाली, मोठ्या हॉस्पिटलात नंबर लागला. आमच्या सीमाभागातल्या हॉस्पिटलची एक गंमत सांगतो. फॉर्म कन्नडात, रिपोर्ट इंग्रजीत आणि दुखणं मराठीत. बाकावर बसलेल्या निम्म्या बायका दुसरीला विचारत असतात, ‘इथं काय लिवलंय ओ?’ पण वहीचं ते पान कुठल्याही भाषेतल्या डॉक्टरला वाचता आलं असतं. बायकांच्या डॉक्टर वयस्कर होत्या. त्यांनी पान दोनदा वाचलं आणि पहिला प्रश्न तोच विचारला, घरातल्या मोठ्या आजाराचा. या वेळी हवालदारीण म्हणाली, ‘माझ्या सख्ख्या बहिणीला होता. अंडाशयाचा.’ शब्द खोलीत पडला. छत जागेवर राहिलं. डॉक्टरांनी एकवार शेजारी बसलेल्या भाचीकडं पाहिलं, केसपेपरच्या कडेला काहीतरी टिपलं आणि पुढं बोलू लागल्या.

त्या म्हणाल्या, ‘पोट फुगणं, लवकर भरणं, ओटीपोटात दुखणं, लघवीची घाई. हे चारही रोजचेच त्रास आहेत, आणि बहुतेक वेळा त्यांच्यामागं कॅन्सर नसतो. पण नव्यानं सुरू झाले, वर्ष झालेलं नाही आणि महिन्यातले बारा दिवसांहून जास्त दिवस असतील, तर तपासायचं. पन्नाशीनंतर आतड्यांचा असा त्रास पहिल्यांदाच सुरू होणं तसं कमी, म्हणून नुसतं गॅस म्हणून सोडायचं नाही.’ भाचीनं विचारलं, मग सगळ्याच बायकांनी दरवर्षी तपासून का घेऊ नये? डॉक्टर म्हणाल्या, ‘ब्रिटनमध्ये दोन लाखांहून जास्त बायकांवर ते करून पाहिलं. २०२१ साली निकाल आला. ज्यांना काही त्रास नाही अशांना तपासत राहून या रोगाचे मृत्यू कमी झाले नाहीत. त्रास असेल त्या बाईची गोष्ट वेगळी.’

सोनोग्राफी झाली, आतूनही झाली. अंडाशयं त्या वयात असावीत तशी आक्रसलेली. पोटात पाणी नाही. गर्भाशयात एक लहान गाठ, ती साधी. रक्ताची सीए-१२५ तपासणी झाली. हद्द पस्तिसाची, आणि हिचा आकडा आला ४१.

चांगल्या बातमीच्या शेजारी असा एक आकडा येऊन बसला की माणसाला बाकीचं काही दिसत नाही. हवालदारणीलाही दिसलं नाही. ‘म्हणजे आहेच ना?’ डॉक्टर म्हणाल्या, ‘साधी गाठ असली तरी हा वाढतो. लिव्हर बिघडलं तरी वाढतो. पोटाचा टीबी असला की आपल्याकडं कित्येकदा हुबेहूब असंच चित्र दिसतं, पोटात पाणी, आकडा वर, आणि ऑपरेशन केल्यावर निघतो टीबी. उलट, कॅन्सर सुरुवातीचा असला तर बऱ्याच जणींत हा आकडा वाढलेला नसतोही. एका आकड्यावर काही ठरत नाही. तो चढतोय का, ते बघायचं.’

‘मग माझं पोट का फुगतंय?’

‘ते मला आज माहीत नाही,’ डॉक्टर म्हणाल्या. ‘माहीत नाही म्हणून तुम्हाला सोडणारही नाही. सीटी स्कॅन करूया. सहा आठवड्यांनी परत रक्त तपासूया. त्याआधी ताप आला, वजन उतरलं, पोट घट्ट झालं, रक्त गेलं, तर नंबर न लावता यायचं.’ आणि कागदावर तारीख लिहून दिली.

हवालदारणीचा चेहरा पडलेला पाहून त्यांनी एक गोष्ट सांगितली. अमेरिकेतल्या केंटकी प्रांतातली, १८०९ सालची. पुण्यात दुसरा बाजीराव गादीवर होता, आणि बेळगावचा किल्ला इंग्रजांच्या हातात जायला अजून नऊ वर्षं होती. जेन टॉड क्रॉफर्ड नावाच्या शेहेचाळीस वर्षांच्या बाईचं पोट वाढत चाललं. पोटात जुळी आहेत, असं वैद्य म्हणत होते. दिवस भरून गेले, मूल काही होईना. इफ्रेम मॅकडॉवेल या डॉक्टरनं तपासलं आणि सांगितलं की हे मूल नाही, अंडाशयाची गाठ आहे. ती पोट उघडून काढणं आजवर कोणी केलेलं नाही, मोठमोठे सर्जन म्हणतात की माणूस मरणारच. पण माझ्या गावी आलीस तर प्रयत्न करीन. ऐन डिसेंबरात ती साठ मैल घोड्यावरून गेली. भूल द्यायचं तंत्र यायला अजून पस्तीसहून जास्त वर्षं होती. पंचवीसेक मिनिटांत साडेबावीस पौंडांची, म्हणजे दहा किलोंची गाठ बाहेर आली. पाचव्या दिवशी बाई स्वतःचं अंथरूण स्वतः आवरत होती. पुढं बत्तीस वर्षं जगली.

ही गोष्ट बहुतेक वेळा बाईच्या धैर्याची म्हणून सांगतात. धैर्य होतंच. पण मला त्यातलं डॉक्टरचं वाक्य जास्त मोलाचं वाटतं. बाकीच्यांनी खात्रीनं जुळी सांगितली. यानं सांगितलं की हे कुणी केलेलं नाही, मलाही ठाऊक नाही काय होईल. आणि बाईनं भरवसा ठेवला तो ठाऊक नाही म्हणणाऱ्यावर.

परत येताना ग्लोब टॉकीजजवळ रिक्षातच भाचीनं नियम घातला. आकडा आठवड्यातून एकदा, रविवारी सकाळी, चहाच्या आधी. रात्री टेप काकांच्या कपाटात. बाकी दिवस काही वेगळं वाटलं तर रकान्यात लिहायचं, पण मोजायचं नाही. मावशी म्हणाली, ‘आणि मध्येच भीती वाटली तर?’ ‘वाटणारच की. वाटली की काकांना उठवायचं.’

सहा आठवडे काही सुखाचे गेले नाहीत. पहिल्या आठवड्यातच एकदा मध्यरात्री तिनं परकराची नाडी काढून त्या नाडीनंच माप घेतलं आणि गाठ मारून ठेवली, टेप नव्हता ना हाताशी. हवालदारांना तीनदा उठवलं. ते उठायचे, लाइट लावायचे, दोघं चहा प्यायचे. एकदा त्यांनी तिला पत्त्यात हरवलं म्हणून ती रागावून झोपली, आणि खरोखर झोपली. भीती गेली असं नव्हे. ती पाळीपाळीनं दोघांकडं राहू लागली. सीटी स्कॅनमध्ये काही दिसलं नाही. ठरल्या तारखेला सीए-१२५ आला ३८. डॉक्टरांनी मान हलवली आणि पुढची तारीख दिली. मग पोटाच्या डॉक्टरांकडं पाठवलं, त्यांनी दुर्बीण घालून आतडं पाहिलं, तेही साफ. एक-दोन डाळी आणि रात्रीचं उशिराचं जेवण बंद केल्यावर पोट थोडं उतरलं, सगळं उतरलं नाही. का फुगतं, याचं पक्कं उत्तर तिला मिळालं नाही. अशा कितीतरी बायका असतात. त्यांच्या गोष्टी कोणी सांगत नाही, कारण त्यांना शेवट नसतो. हवालदारीण छत्तीस इंचांच्या संध्याकाळी घेऊन परत मशीनवर बसली. परकराला नाडीऐवजी इलॅस्टिक घातलं.

तिसऱ्या भेटीला डॉक्टर म्हणाल्या, ‘तुमचं मी बघतेच आहे. पण त्या मुलीला तुम्ही घेऊन आलात कधी?’

‘ती तर दर वेळी येते.’

‘तुमच्यासाठी येते,’ डॉक्टर म्हणाल्या आणि पहिल्या दिवशीची केसपेपरच्या कडेची टीप दाखवली. अंडाशयाचे बहुतेक कॅन्सर वारशानं येत नाहीत. पण काही घराण्यांत बीआरसीए नावाच्या जनुकात बिघाड असतो. साध्या बाईला जन्मभरात हा रोग व्हायचा धोका शंभरात एकीच्या आसपास. बीआरसीए-१ बिघडलेलं असेल तर तो शंभरात चाळिशीच्या घरात किंवा त्याहूनही वर जातो, शिवाय स्तनाच्या कॅन्सरचा धोका असतोच. आईत बिघाड असेल तर प्रत्येक मुलाला, मुलगा असो की मुलगी, तो मिळायची शक्यता निम्मी. तपासणी आधी रोग झालेल्या माणसाचीच करावी, ते सर्वांत बरं. आक्का नाही, पण तिच्या ऑपरेशनच्या वेळचा मांसाचा तुकडा मेणाच्या ठोकळ्यात घालून हॉस्पिटलनं ठेवलेला असू शकतो. बारा वर्षांनी मिळेलच असं नाही, विचारून बघायचं. नाहीच मिळाला तर मुलीचं रक्त थेट तपासता येतं. मात्र त्यात काही निघालं नाही, तरी तेवढ्यावर पूर्ण निर्धास्त होता येत नाही.

बाहेर बाकावर भाची मोबाइल बघत बसली होती. मावशीनं सगळं सांगितलं. ती म्हणाली, ‘मला काय झालंय? मला काही होत नाही.’ आवाज नेहमीचा, आकडेमोडीचा. हवालदारणीला तो आवाज ओळखीचा वाटला. पाच महिने तिनं स्वतः सगळ्यांना त्याच आवाजात ‘होय की’ म्हटलं होतं.

‘तू रात्री काय मोजतीस?’ तिनं विचारलं.

पोरीनं मोबाइल पालथा ठेवला. ‘अठ्ठेचाळीस वजा माझं वय. गेल्या वर्षी अठरा होते, आता सतरा राहिले. स्थळ येतंय म्हटलं की आधी मी तेवढा हिशेब करते, आणि मग नको म्हणून सांगते.’

हवालदारीण स्वतःच्या कमरेकडं बघण्यात इतकी गढली होती की शेजारी बसून आपल्यासाठी रकाने आखणाऱ्या पोरीचं खातं कोरं आहे, हे तिला दिसलंच नव्हतं. पण ते बोलून दाखवण्यात तिनं वेळ घालवला नाही. ‘आईची फाइल कुठाय?’ तिनं विचारलं.

‘माळ्यावर. मी ती कधी उघडली नाही.’

रविवारी दोघी निपाणीच्या बसमध्ये चढल्या. कर्नाटकात बायकांना सरकारी बस फुकट झाल्यापासून माहेरपणं वाढलीत. कंडक्टरला आधार कार्ड दाखवलं की काम झालं. वंटमुरीच्या घाटात हवालदारीण म्हणाली, ‘लग्नाआधी असली तपासणी केली तर लोक काय म्हणतील, असं तुझी काकू म्हणणार.’ ‘म्हणालीच आहे,’ भाची म्हणाली. ‘मग तिलाही डॉक्टरांच्याकडं आणूया,’ मावशी म्हणाली, ‘लोक काय म्हणतात ते तिथं एकदा विचारून घेऊ दे.’

माळ्यावर पत्र्याच्या ट्रंकेत, जुन्या वखारीच्या पगाराच्या चिठ्ठ्यांखाली फाइल होती. भाची शिडीवर उभी राहून एकेक कागद खाली देत होती आणि मावशी चष्मा लावून वाचत होती. बिलं, रक्ताचे रिपोर्ट, एक एक्स-रे. मग तो कागद आला. वर हॉस्पिटलचं नाव, तारीख, आणि कोपऱ्यात बायोप्सीचा नंबर. हवालदारणीनं पिशवीतून मापाची वही काढली, कोऱ्या पानावर आधी आक्काचं नाव लिहिलं, त्याखाली भाचीचं, आणि मग नंबर उतरवून घेतला. दोनदा ताडून पाहिला.

‘आता तुझ्या दादाला फोन लाव.’

‘तो म्हणणार, बायकांची दुखणी, मला कशाला?’

‘म्हणू दे की. त्याला दोन मुली आहेत,’ हवालदारीण म्हणाली. ‘वाजायला लागला की फोन माझ्याकडं दे.’